रोबोट तुकडा काढेल ओ, आत सोडणार कोण?

होटगीरोड: काल या धाग्यावर नवीपेठ यांनी लिहिलं की सूक्ष्म रोबोट आले, आता बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढायची सुई आणि दुर्बीण इतिहासजमा. फॉरवर्ड वाचून ठोकलंय. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी २०१३ मध्ये डुकराच्या पित्तनलिकेत सोडले ते मिलिमीटरहून लहान, चांदणीच्या आकाराचे चिमटे. त्यांना कुणी चालवत नाही. अंगाच्या उबेनं मिटतात, सापडेल तो कण धरतात, मग चुंबकानं गोळा करायचे. आत सोडायला दुर्बीण लागतेच! आणि तेवढ्याशा कणावर पॅथॉलॉजिस्टनं, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरनं, निदान करायचं.

नवीपेठ: बरं, ते चालवत नाहीत. पण लीड्स विद्यापीठाची दोन मिलिमीटर जाडीची लवचीक नळी बाहेरच्या चुंबकानं वळते. नेहमीची दुर्बीण अडते तिथून पुढं, फुफ्फुसाच्या बारीक फांद्यांत जाण्यासाठी केलीय. नवीन काही आलं की तुमच्या पोटात दुखतं.

होटगीरोड: आलं कुठं बे? सोलापुरात?

विडीघरकुल: आमच्या आत्याच्या गालात गाठ आली. मशेरी, दुसरं काय. अख्खी गल्ली म्हणाली, सुई लावू नका, कॅन्सर पसरेल. लेप लावत बसले. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं तोवर तोंड उघडेना.

बाळीवेस: पसरतंच की ओ. आमच्या मामांना सुई लावली, दोन महिन्यांत गेले.

विडीघरकुल: मामा सुईनं गेले नाहीत, उशिरानं गेले. सुईच्या वाटेनं पेशी सांडणं फार क्वचित होतं.

बाळीवेस: क्वचित म्हणजे होतं ना? आणि माझ्या मामांबद्दल तुम्ही बोलायचं काम नाही. मी होतो तिथं.

विडीघरकुल: मीही होतो, आत्याजवळ. तुमच्यासारख्यांचं ऐकूनच लेप लावला.

बाळीवेस: मी सांगितलं होतं का तुमच्या आत्याला?

नवीपेठ: बघा, म्हणूनच रोबोट हवा. सुई नाही तर भीती नाही.

होटगीरोड: वा! ज्यांना सुई नको ते अंगात शेकडो चिमटे सोडू देणार. बारीक नळीपुरतं तुमचं खरं, पित्तनलिका, फुफ्फुस वगैरे. घ्या, एक गुण दिला.

विडीघरकुल: गालातल्या गाठीला टॉर्च पुरतो. आमच्याकडं विड्या वळणाऱ्या बायकांना तपासणीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, ते बोला.

बाळीवेस: आत्यांनी मशेरी सोडली का मग?

विडीघरकुल: नाही.

बाळीवेस: आणि आम्हाला शिकवताय!

नवीपेठ: धागा रोबोटचा आहे. मामा आणि मशेरी दुसरीकडं न्या.