पुढची गाडी साधी पेट्रोलच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. खोडून काढा!

वाशिष्ठीकाठ

पुण्यात राहणारा, अधूनमधून कोकणात गावी जाणारा आणि घरात एकच गाडी ठेवू शकणारा जो कोणी असेल, त्याने आजच्या घडीलाही साधी, टर्बो नसलेली, १.२ लिटरची पेट्रोल गाडी घ्यावी. ईव्ही नको, सीएनजी नको, डिझेल तर नकोच नको.

माझी गरज सांगतो. रोजचं धायरी ते कर्वेनगर. गावची फेरी धरून महिन्याला हजारेक किलोमीटर. गाव चिपळूणजवळ, रस्ता कऱ्हाड-पाटण-कुंभार्ली घाट, एका बाजूने साधारण अडीचशे. आईवडील सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखरे. बजेट ऑन-रोड बारा लाख, फार ताणलं तर साडेबारा. आताची हॅचबॅक पंधरा वर्षांच्या नोंदणीच्या टोकाला येत चालली आहे.

विश्वासार्हता म्हटलं की लोक गाडी किती वेळा बंद पडते ते मोजतात. माझ्या लेखी, बंद पडली तर ती कोण सुरू करून देतं, हे महत्त्वाचं. पाटणच्या गॅरेजात इग्निशन कॉइल मिळेल, क्लच केबल मिळेल, रेडिएटरचा होजपाइप तर किराणा दुकानाशेजारीही मिळेल. ईव्हीचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग, मिळणार नाही. ती गाडी टो करून थेट कऱ्हाड किंवा पुणे. दुसरं, कंपनी टिकणार का? शेवरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाड्या दणकट होत्या, पण मालकांच्या तोंडचं पाणी पळालंच ना?

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ आणि वर सेस होता. त्यामुळे फ्राँक्स १.२, अमेझ सीव्हीटी (बेल्टवरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), एक्स्टर या तिन्ही माझ्या बजेटात बसतात. आता बोला.

विजेरी_माणूस

जीएसटीचा अर्धाच भाग सांगितलात. ईव्हीवर तो ५ टक्केच आहे. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्याच्या वर १२. ईव्हीला राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन कर माफ आहे. एक्स-शोरूमला ईव्ही तीन-साडेतीन लाखांनी महाग दिसते, पण ऑन-रोड फरक अडीच लाखांच्या घरात येतो.

तुमचाच हिशोब करू. महिना हजार किलोमीटर, शहरात पेट्रोल ऑटोमॅटिक सोळाचं अ‍ॅव्हरेज देईल, म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट लिटर. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, म्हणून साडेसहा हजार. ईव्ही एका युनिटला सात किलोमीटर धरा, चार्जिंगमधली गळती धरून १६० युनिट. दहा रुपये दराने सोळाशे. महिन्याला पाच हजारांच्या आसपास वाचतात. अडीच लाख सव्वाचार वर्षांत वसूल. तुम्ही गाड्या बारा-पंधरा वर्षं वापरणारे. उरलेली वर्षं नफाच.

आणि पाटणला इन्व्हर्टर मिळत नाही हे खरं, पण इग्निशन कॉइल, क्लच, फ्युएल पंप हे भाग ईव्हीत नसतातच. जे नाही ते बिघडणार कसं?

सीएनजी_रांगेतला

मधला रस्ता कोणालाच दिसत नाही वाटतं. पेट्रोल गाडीवर नव्वद-पंचाण्णव हजार जास्त, किलोला पंचवीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज, किलोचा दर नव्वदीच्या घरात. तुमचे साडेसहा हजार पावणेचारवर येतात. तीन वर्षांत पैसे वसूल. गॅस संपला तर पेट्रोल आहेच, इंजिन तेच, मेकॅनिक तोच. डिकी जाते म्हणणाऱ्यांनी दोन लहान टाक्या तळाशी बसवलेल्या टाटा-ह्युंदाईच्या गाड्या बघाव्यात, बॅगा मावतात.

गॅरेजवाला_सातारा

गेली बरीच वर्षं हायवेलगत गॅरेज आहे, तेव्हा चार शब्द.

सीएनजीवाल्या भाऊंना: दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी लागते, ती सांगायची राहिली. चढावर ताकद कमी पडते. चार माणसं, बॅगा आणि एसी असेल तर घाटात पेट्रोलवर टाकावीच लागते.

डिझेलबद्दल धागाकर्त्याशी सहमत. बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. धायरी ते कर्वेनगर करणाऱ्याची जाळी तुंबणार, दिवा लागणार, आणि मग तो माझ्याकडे येऊन विचारणार की नवीन गाडीला हे काय झालं.

पण 'साधी पेट्रोल' म्हणताना गिअरबॉक्स कुठला, तेही बोला. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच मशीन दाबतं. स्वस्त, दुरुस्तीला सोपा. लोक मात्र घाटातल्या जाममध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात आणि क्लच जाळतात. चढावर ब्रेक धरा, एवढं पाळलं तर एएमटी चालते. ड्राय क्लचवाला डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, मी तरी ट्रॅफिकवाल्या माणसाला सुचवणार नाही, तापतो. सीव्हीटी चढावर नुसता आवाज करतो, पण गुळगुळीत चालतो. ऑइल वेळेवर बदला, एवढंच त्याचं मागणं.

वाशिष्ठीकाठ

@विजेरी_माणूस, हिशोब कागदावर छान आहे. दहा रुपये युनिट कुठून आणलंत? घरच्या मीटरवर महिन्याला १६० युनिट चढली की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. फास्ट चार्जरवर दर जवळपास दुप्पट. आमच्या सोसायटीत पार्किंगपासून मीटर रूम लांब, आणि कमिटीतले काका 'बॅटरी पेटली तर जबाबदार कोण' यावर दोन सभा खातील. वर घाट. साडेबारा लाखांत तीस-पस्तीस किलोवॅट-तासांची बॅटरी मिळते, म्हणजे खऱ्या रस्त्यावर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. कुंभार्ली चढताना ती किती उरणार?

विजेरी_माणूस

ईव्हीसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याचा दरही वेगळा असतो. एनओसी आणि लोड वाढवून घेणं ही कटकट आहे, हे मान्य. ज्याला घरी चार्जिंग मिळणारच नाही, त्याला मीही ईव्ही घे म्हणणार नाही.

घाटाचं मात्र गणित करू या, भीती नको. माणसांसकट गाडी १७०० किलो. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून घाटमाथ्यापर्यंत चढ सहाशे मीटरच्या आसपास, जास्तच हवा तर साडेसहाशे धरा. शाळेतलं एमजीएच: १७०० गुणिले ९.८ गुणिले ६५० म्हणजे एक कोटी आठ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. भागाकार तीन युनिट. मोटरची गळती धरून साडेतीन. पस्तीसच्या बॅटरीतून दहावा हिस्सा, म्हणजे सपाटीवरचे वीस-पंचवीस किलोमीटर. एवढाच तो घाट! आणि गावी जाताना तुम्ही उतरता, तेव्हा त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. तुमच्या पेट्रोल गाडीत तोच उतार ब्रेक पॅड तापवण्यात जातो.

कऱ्हाडला चहा-मिसळ होते तेवढ्या वेळात चार्जिंग. तुम्ही तिथे तसेही थांबताच.

गणपतीला_गावी

चहा-मिसळीत चार्जिंग होतं, पण आधीच तीन गाड्या लागलेल्या नसतील तर! गणपतीच्या आदल्या दिवशी अख्खा पुणे-मुंबई कोकणाकडे निघतो. त्या दिवशी चार्जरजवळ रांग, एक गन बंद, अ‍ॅप लॉगिन मागतंय, आणि मागच्या सीटवर पोरं.

दुसरं, निसर्ग वादळ आठवतंय का? जून २०२०. दापोली-मंडणगडकडे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ईव्ही अंगणात शोभेला ठेवायची का?

विजेरी_माणूस

पंपाचं मशीन पण विजेवरच चालतं, साहेब. जनरेटर असेल तर चालू. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कुठल्या इंधनाची गाडी तरली? वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेल्या दिवसांची गाडी ठरवायची का, हा माझा प्रश्न आहे.

गणपतीला_गावी

हो. कारण त्याच चार दिवसांसाठी माणूस गाडी ठेवतो. रोजचं ऑफिस तर स्कूटरवरही होतं.

जुनी_ती_सोनं

चिपळूणच्या पुराचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. धागाकर्ते नवीच गाडी धरून बसलेत. सात-आठ लाखांत चार वर्षांची, नीट सांभाळलेली सेडान मिळते, जी नवी घेताना चौदा लाखांची होती. पहिल्या मालकाने घसारा सोसला, तुम्ही गाडी वापरा. उरलेल्या चार लाखांच्या व्याजात थोडंफार पेट्रोलही निघतं.

फक्त बघून घ्या. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण-महाडला बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. सीट कव्हर नवं, कार्पेट नवं, वास लपवायला अत्तर. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. रोज ताणला जातो तो भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या टोकावर गाळाची रेघ राहते. मग स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवा आणि सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांचे बोल्ट बघा. चार वर्षांच्या गाडीत ते गंजलेले असतील तर उठा आणि घरी या. चारही टायरवरचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष कळतं. गाडी म्हणे वीस हजार चाललेली आणि टायर मात्र गेल्या वर्षीचे, असं असेल तर मीटर कोणीतरी मागे नेलाय.

वाशिष्ठीकाठ

रेघेची युक्ती लक्षात ठेवतो. पण जुन्या गाडीत माझी एक अडचण आहे, ई२०. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत, आणि बहुतेक पंपांवर आता दुसरं काही मिळत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलंय. रबरी नळ्या, गास्केट यांचं काय, ते वेगळंच. चार वर्षं जुनी घेऊन पुढे दहा वर्षं वापरायची तर हा धोका मी का घेऊ?

गॅरेजवाला_सातारा

अगदी इंजिन बसतं वगैरे नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं. पण महिना महिना उभी राहणारी जुनी गाडी असेल तर फ्युएल लाइन बघत जा. इथेनॉल पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीला तेवढा त्रास नाही.

माजघरातून

एवढं वाचलं. एमजीएच झालं, डीपीएफ झाला. ज्या बाईचे गुडघे दुखतात असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तिचं पुढे कोणी नावही काढलं नाही.

सीएनजी भरताना सगळ्यांना गाडीतून उतरवतात. प्रत्येक वेळी. भर उन्हात, पंपाच्या कोपऱ्यात, रांग पुढे सरकेपर्यंत उभं राहायचं. माझ्या सासूबाई दोन वेळा उतरल्या, तिसऱ्या वेळी म्हणाल्या, तुम्ही जा, मी घरीच बरी. तिथे तुमची तीन वर्षांतली वसुली संपली.

सेडानमध्ये बसताना माणूस खाली जातो आणि उतरताना गुडघ्यावर जोर देऊन वर येतो. अमेझ आणि जुनी सेडान दोन्ही तिथे अडतात, डिकी कितीही मोठी असो. उंच एसयूव्हीत उलट, नऊवारी काय, पाचवारी नेसलेल्या बाईलाही पाय उचलावा लागतो. सीट कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे नुसतं टेकायचं आणि वळायचं. टाटा पंचचं दार काटकोनात उघडतं, त्याचा उपयोग अशा वेळी कळतो. पण तुमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या खांबाने तेवढं दार उघडू दिलं पाहिजे, हेही मोजा. मागच्या सीटला हँडल आहे का बघा. स्वस्त व्हेरिअंटमध्ये कधीकधी तेच काढून टाकलेलं असतं.

आईंना शोरूममध्ये न्या. सेल्समन फीचर सांगत असू दे, तुम्ही त्यांना तीनदा चढ-उतर करायला लावा. मग इंधनावर भांडा.

सीएनजी_रांगेतला

उतरायचा मुद्दा मान्य. आमच्याकडे मी एकटाच पहाटे जाऊन भरून आणतो.

विजेरी_माणूस

माजघरातून, ईव्हीत कोणाला उतरावं लागत नाही, एवढंच नोंदवतो. पण तळाला बॅटरी असल्याने काही मॉडेलांत मागे पाय ठेवायची जागा उंच वाटते आणि गुडघे वर येतात. म्हातारी माणसं तासाभराने कुरकुरतात, तेही खरं. म्हणजे मागे बसवूनच बघा, पुढे नाही.

आणि रीसेल. कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो, नाहीतर लपवलं म्हणाल. ईव्हीची रीसेल आज पेट्रोलपेक्षा पडकी आहे. बॅटरीला बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देतात, त्यानंतर घेणारा घासाघीस करणारच. पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्याने माझं ऐकू नये. बारा वर्षं वापरणाऱ्याने ऐकावं.

वाशिष्ठीकाठ

मी बारा वर्षंवालाच. तरी पेट्रोलवरून हललेलो नाही, कारण माझ्याकडे दुसरी गाडी नाही आणि कमिटीतले काका आहेत. अमेझ मात्र यादीतून काढली, सीटच्या उंचीमुळे. सीव्हीटीही तिच्याबरोबर गेला. रविवारी आईला फ्राँक्स आणि एक्स्टरमध्ये बसवून आणतो, मागच्या सीटवर. दोन्हीत एएमटीच आहे, म्हणून टेस्ट ड्राइव्ह कात्रजच्या जुन्या घाटात मागणार. शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, त्यात काही कळत नाही.

गॅरेजवाला_सातारा

घाटात चढावर पूर्ण थांबवून परत काढा, गाडीत चौघं बसवून. मागे किती सरकते ते बघा. आणि डिलिव्हरी घेताना टायरचे आकडे नव्या गाडीचेही वाचा.

विजेरी_माणूस

आणि काकांना पुढच्या सभेत चार्जरच्या लोडचं विचारून ठेवा. तुम्हाला नको असला तरी शेजाऱ्याला लागेल.