हौशी रेसिंगमध्ये लाइव्ह टेलिमेट्री: आकडे असतात, बघणारा कोण?

चौथा गिअर (धागाकर्ता)

गेल्या मोसमात सहा तासांच्या एका शर्यतीत आमचं इंजिन चौथ्या तासाला गेलं. रेडिएटरचा खालचा होस (रबरी नळी) फाटला आणि कूलंट ट्रॅकवर सांडलं. गाडी चालवणाऱ्या मित्राने सरळ पट्ट्यावर तापमानाच्या काट्याकडे पाहिलं, तर काटा नेहमीपेक्षा खाली. त्याला वाटलं, गाडी छान थंड चालली आहे. पण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच त्याच्यावर विसंबता येतं. कूलंट निघून गेलं की तो आजूबाजूच्या वाफेचं नाहीतर हवेचं तापमान दाखवत बसतो. आणखी दोन लॅप झाल्या. हेड गॅस्केट उडालं, हेड वाकलं, शर्यत संपली.

रात्री लॉगरचं (सेन्सरचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राचं) कार्ड लॅपटॉपला लावलं. सगळं होतं त्यात. तासभर ९२ अंशांवर सरळ चाललेली रेघ, मग वीसेक सेकंदांत ११० च्या पुढे उसळी, आणि लगेच ७० च्या खाली कोसळलेली. नवख्या माणसानेही ओळखलं असतं की काहीतरी फुटलंय. आकडे गाडीत होते, बघणारं कुणी नव्हतं. चालवणाऱ्याकडून तरी ती अपेक्षा कशी करायची? ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. काट्याकडे एक सेकंद नीट बघायचं, तर ४० मीटर रस्ता न बघता कापायचा.

म्हणून माझं स्पष्ट मत: हौशी संघांनी लाइव्ह टेलिमेट्री वापरावी, म्हणजे धावत्या गाडीतले आकडे थेट पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या संघाच्या जागेत, बघावेत, आणि आयोजकांनी ती वापरू द्यावी. आम्ही आता ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या डेटाच्या तारांवरून, आकडे उचलतो, छोट्या मायक्रोकंट्रोलरला फोर-जी मोडेम जोडलाय, आणि सेकंदाला एकदा सहा गोष्टी पिटमध्ये येतात: ऑइल प्रेशर, कूलंटचं तापमान, कूलंटचं प्रेशर, बॅटरीचा व्होल्टेज, आरपीएम आणि वेग. ऑइल प्रेशरचा सेन्सर वेगळा बसवावा लागला. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत त्या जागी नुसता स्विच असतो आणि तो साधारण अर्ध्या बारच्या आसपास दिवा लावतो. दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुना ठोकताळा धरला तर ६००० आरपीएमला चार बारच्या वर प्रेशर हवं. अर्ध्या बारला दिवा लागेपर्यंत बेअरिंगची वाट लागलेली असते.

काही स्पर्धांचे नियम शर्यत चालू असताना गाडीतून डेटा पाठवायला मनाई करतात. तुमचं काय म्हणणं आहे?

पाना-पक्कड

असहमत. आणि तुमचीच हकीकत घेऊन सांगतो.

तुमचं इंजिन फाटक्या होसने मारलं. दुसरा गुन्हेगार म्हणजे डोळ्यांसमोर नसलेला इशाऱ्याचा दिवा. कूलंटच्या प्रेशरचा सेन्सर आता बसवलाय म्हणता, तो तेव्हा असता आणि स्टिअरिंगमागे नाण्याएवढा लाल दिवा असता, तर तुमच्या मित्राने त्याच लॅपला गाडी बाजूला घेतली असती. त्याला मोडेम लागत नाही, नेटवर्क लागत नाही, पिटमध्ये माणूस लागत नाही. लॉगर किंवा ईसीयू गाडीतच ठरवू शकतो की ४००० आरपीएमच्या वर प्रेशर अमुक बारखाली गेलं की दिवा पेटव. पंचवीस वर्षं हौशी गाड्यांखाली झोपून काम करतोय. संघ पडद्यांवर पैसे घालतात आणि क्लॅम्प जुनेच वापरतात, हे वारंवार पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय.

दुसरं म्हणजे, पैशाची ददात नाही तिथेसुद्धा मर्यादा घातल्या गेल्या आहेत. फॉर्म्युला वनमध्ये २००२ साली पिटमधून गाडीतल्या सेटिंग बदलता येतील अशी दुहेरी टेलिमेट्री चालली, २००३ पासून ती बंद केली. मोटोजीपीत तर धावत्या बाइकचे सेन्सर पिटला काहीच पाठवत नाहीत. बाइक परत आली की डेटा उतरवून घेतात. जगातले सर्वांत वेगवान रायडर त्यावर भागवतात, तर हौशी माणसाचं का अडावं?

उशिरा ब्रेक

मी फक्त चालवतो, म्हणून सीटवरून दिसतं तेवढंच सांगतो. आमच्या संघाने लाइव्ह डेटा लावला त्या दिवशी रेडिओवर बोलणं चौपट झालं. दुसऱ्या वळणासाठी ब्रेकवर पाय पूर्ण दाबलेला, गाडी मागून हलकी झालेली, आणि कानात आवाज: "कूलंट ९८ आहे, काळजी नको." काळजी नव्हतीच मला! ती त्या वाक्याने आली. तो आकडा मी कुठे ठेवू? ब्रेक थोडा लवकर सोडला गेला, पुढची चाकं बाहेर गेली, अर्धा सेकंद गेला.

डॅशवरच्या डेल्टाबद्दलही तेच. आपल्या सर्वोत्तम लॅपपेक्षा आत्ता किती पुढे-मागे आहोत ते दाखवणारा आकडा. उणे ०.४ दिसलं की हात आपोआप हावरे होतात. मी दोनदा त्या हिरव्या आकड्यामागे लागून ब्रेकिंगचा ठिपका ओलांडला आणि दोन्हीदा वाळूत गेलो. आता शर्यतीत तो पडदा झाकून ठेवतो. सरावात उघडतो.

तांब्याची तार

माझा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्सचा, रेसिंग सुट्टीतलं. धाग्याच्या बाजूने आहे, पण चौथा गिअर, तुमच्या मांडणीत एक मोठं भोक आहे.

तुम्ही सेकंदाला एक आकडा पाठवता. तो कुठला? त्या क्षणाचा की सरासरी? लांब वळणात तेल इंजिनाच्या तळाच्या टाकीत (संपमध्ये) एका बाजूला सरकतं, तेल ओढणारी नळी (पिकअप) उघडी पडते आणि प्रेशर अर्धा सेकंद खाली जाऊन परत वर येतं. बेअरिंग त्या अर्ध्या सेकंदात खराब होतं. क्षणाचा आकडा पाठवत असाल तर ती घसरण दोन आकड्यांच्या मधे हरवू शकेल, आणि सरासरीत बुजेल. गाडीत सेकंदाला ५० किंवा १०० वेळा मोजा आणि पिटला त्या सेकंदातला सर्वांत कमी आकडा पाठवा. चार ओळींचा बदल आहे. तो केला नसेल तर तुमचा पडदा खोटा दिलासा देतोय.

दुसरी गोष्ट: लाइव्ह डेटावरून चालवण्याचं विश्लेषण करायला जाऊ नका. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सेकंदाला एकदा जागा सांगणाऱ्या जीपीएसच्या दोन ठिपक्यांत ५० मीटर अंतर पडतं, त्यात ब्रेकिंगचा बराच भाग निघून जातो. १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १० वेळा नोंदणाऱ्या, लॉगरला तेच ५ मीटर. ते काम कार्डावरच्या नोंदीचं.

तिसरी, आणि यावर मी स्वतः हात पोळून घेतलेत: सरावाच्या दिवशी मोबाइल नेटवर्क झकास चालतं. शर्यतीच्या दिवशी हजारो फोन त्याच टॉवरवर येतात आणि तुमची रेघ गोठते. गोठलेली रेघ सरळ दिसते, सरळ रेघ निरोगी वाटते. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत वेळ पाठवा आणि तीन सेकंद नवा आकडा आला नाही की पडदा करडा होऊ द्या. सहाच आकडे असतील तर लोरासारखा स्वतःचा रेडिओही चालतो. वेग कमी, पल्ला लांब, टॉवर नको. फक्त तिथल्या फ्रिक्वेन्सीचे नियम आधी बघा.

आणि सेन्सरच्या तारा! पाच व्होल्टवर चालणारे बरेच प्रेशर सेन्सर शून्य प्रेशरला अर्धा व्होल्ट देतात आणि पूर्ण प्रेशरला साडेचार. म्हणजे शून्य व्होल्ट दिसला तर बहुधा तार तुटली आहे, प्रेशर गेलेलं नाही. हा फरक सॉफ्टवेअरला शिकवला नाही तर एखाद्या दिवशी चांगली धावणारी गाडी तुम्ही आत बोलवाल, आणि त्यानंतर खरा इशारा आला तरी कुणी ऐकणार नाही.

शेवटचं वळण

आमच्या क्लबच्या शर्यतींची तांत्रिक तपासणी करायला मी मदत करते. बंदीच्या बाजूने आहे, कारण माझ्यासमोर दोन माणसांचे संघही येतात. एक चालवतो, दुसरा पेट्रोल भरतो आणि टायर बदलतो. त्यांच्या शेजारी तीन लॅपटॉप मांडलेला संघ. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला याची बेरीज केली की इंधन किती जळलं ते कळतं, आणि ते लाइव्ह मिळालं की शेवटचा थांबा नेमका कुठल्या लॅपला घ्यायचा हेही. टाकीतला काटा तर वळणावळणाला हेलकावतो, दोन माणसांचा संघ त्या अंदाजावर शर्यत काढतो. इंजिन वाचवायला म्हणून आलेली वस्तू डावपेचांची होते. काय हवं ते नोंदवा, शर्यत संपेपर्यंत पाठवू नका, असा नियम मला सरळ वाटतो.

अडचण मला ठाऊक आहे. सीटखाली टेपने चिकटवलेला फोनसुद्धा डेटा पाठवतो, आणि प्रत्येक गाडीत फोन शोधत बसणं मला शक्य नाही.

तांब्याची तार

@शेवटचं वळण, पाळून घेता येत नाही असा नियम प्रामाणिक संघांनाच भोवतो. शिवाय इंजिन फुटलं की तेल सगळ्यांच्या वाटेत सांडतं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की मागून येणारा पहिला त्या तेलावर जातो, आणि तो दोन माणसांच्या संघाचाही असू शकतो. इंधनाचे आकडे पाठवायला मनाई करा, प्रेशर आणि तापमानाला परवानगी द्या.

शेवटचं वळण

सांडलेल्या तेलाचा मुद्दा मान्य. पण कुठले आकडे जातात ते मी तपासू कशी? एनक्रिप्ट केलेलं पॅकेट उघडून बघणार का?

चौथा गिअर

@तांब्याची तार, सरासरीच पाठवत होतो. काल बदललं. जुन्या नोंदीवर नवा हिशोब चालवून पाहिला तर उजवीकडच्या लांब वळणात प्रत्येक लॅपला घसरण आहे, आणि आम्हाला ती कधी दिसलीच नव्हती. मनापासून आभार.

@पाना-पक्कड, दिवा हवा, मान्य. पण दिवा उंबरठा ओलांडल्यावरच बोलतो. त्याच वळणातला सर्वांत कमी आकडा एका तासात ३.४, मग ३.१, मग २.८ असा उतरत गेला तर तेल कमी होतंय हे पिटमधल्या माणसाला दिवा लागायच्या कितीतरी आधी कळतं. पुढच्या ठरलेल्या थांब्याला लिटरभर तेल घालायचं, बस्स. गाडीतल्या माणसाला हा उतार दिसणं शक्य नाही, तो दर लॅपला एक क्षण बघतो.

पाना-पक्कड

उताराचं म्हणणं पटलं. तेवढ्यासाठी मी लाइव्ह डेटा लावेनही.

पण शीर्षकात तुम्हीच विचारलंय, बघणारा कोण? पडदा गाडीतून पिटमध्ये नेला म्हणून बघणारा आपोआप येत नाही. चौथ्या तासाला तुमचा लॅपटॉपवाला कुठे असेल ते मी सांगतो: चाकाचा नट काढायला मदत करत असेल. लहान संघात प्रत्येक हाताला काम असतं. पहिला तास सगळे पडद्याला चिकटतात, तिसऱ्या तासाला स्क्रीन झोपलेली असते. हे मी तीन संघांत पाहिलंय. तुमची ती वीस सेकंदांची उसळी कुणाच्या डोळ्यांसमोर गेली असती, याची खात्री द्या, मग बोलू.

कोरी पाटी

मी पहिल्याच मोसमात आहे, म्हणून विचारते. चालवणं सुधारायला लाइव्ह काही लागतं का? मला आजवर कार्डावरच्या नोंदीचाच उपयोग झाला. मला वाटायचं, जलद वळणात मी घाबरते आणि तिथेच वेळ जातो. एका अनुभवी चालकाने माझी आणि त्याची लॅप एकावर एक ठेवून दाखवली. वळणातला माझा किमान वेग जवळपास त्याच्याएवढाच होता! वेळ वळणाच्या आधी जात होता. मी थ्रॉटल सोडत होते आणि ब्रेक लावेपर्यंत पाऊण सेकंद गाडी नुसती वाहत होती. आलेखात दोन्ही रेघा शून्यावर, मधे रिकामी जागा. दिवसभरात तेवढी एकच रिकामी जागा भरायची ठरवली आणि लॅपचा वेळ खाली आला. धावत्या गाडीत कुणी कानात ओरडून हे शिकवू शकलं असतं असं वाटत नाही.

उशिरा ब्रेक

नाहीच. शांतपणे बसून दोन रेघा बघायला वेळ लागतो. पुढच्या वेळी स्टिअरिंगची रेघही लावून बघा, वळणाच्या मध्यावर हात किती दुरुस्त्या करतात ते दिसेल.

चौथा गिअर

@पाना-पक्कड, खात्री देऊ शकत नाही, म्हणून कामाची विभागणी बदलतोय. पुढच्या शर्यतीत पडद्यासमोरचा माणूस दर तासाला बदलेल, कागदावर नाव लिहून, आणि त्या तासात तो पान्याला हात लावणार नाही. थांबा थोडा मंद होईल, चालेल. लाल दिवा तर बसवलाच आहे. पिटमधून आकडा सांगायचा नाही, दोनच शब्द बोलायचे: "आत ये."

@उशिरा ब्रेक, ते दोन शब्द ट्रॅकवर कुठे बोलावेत?

उशिरा ब्रेक

सरळ पट्ट्यावर, वरचा गिअर पडल्यानंतर. एकदाच बोला आणि मी बटण दाबून उत्तर देईपर्यंत गप्प राहा. उत्तर नाही आलं तर पुढच्या लॅपला त्याच जागी.

पाना-पक्कड

बरं. होस बदलले का?

चौथा गिअर

सगळे बदलले, क्लॅम्पसकट. जुने उभे कापून पाहिले. बाहेरून गुळगुळीत, आतून टोकापाशी लांब चिरा.