सात महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागलीये, आता काय करू?

झोपमोड
वय २९, शुगर नाही, प्रेग्नंट नाही. काल रात्री आठ वेळा उठले आणि दर वेळी येतं काय तर चार थेंब, आणि ते चार थेंब येतानाही डोळ्यांतून पाणी. ओटीपोटात कळ येतेय, लघवी गढूळ आहे, ताप नाही. सात महिन्यांतली ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक दिलं होतं, तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या वेळी त्याच पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या, थोडं कमी झालं, मग आपोआप गेलं असं वाटलं. आता नवऱ्याच्या औषधांच्या डब्यात अजून चार सापडल्यात, तर त्या घेऊ का? लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट, म्हणजे कल्चर, कधीच केलेलं नाही, त्याला दोन दिवस लागतात म्हणे आणि मला दोन तास काढवत नाहीयेत. सासूबाई म्हणतात उष्णता झाली, पाणी पी. मागे एका नर्सने सगळ्यांसमोर "स्वच्छता ठेवत जा" असं सांगितलं तेव्हापासून मी दिवसातून दोनदा इंटिमेट वॉश वापरते, तरी हे हाल.

लॅबवाली
आधी त्या चार गोळ्या खाली ठेव. रागवत नाहीये, रोज दहा जण हेच करून येतात आणि मग आमच्याकडे कल्चरमध्ये काही उगवतच नाही, कारण अर्धवट औषध लघवीत असतं.
दोन दिवस औषधाविना काढायचे असं कोणी सांगितलं तुला? सॅम्पल आधी द्यायचं आणि डॉक्टर देतील ते औषध त्याच दिवशी सुरू करायचं, एवढंच. २४ तासांत जंतू वाढतात, मग कुठल्या औषधाने मरतात ते बघायला साधारण अजून एक दिवस. रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर औषध बदलतात.
सॅम्पल नीट दे पण. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, डबीच्या कडेला आतून हात लावायचा नाही. लगेच पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेव, बाहेर ठेवलं तर जे दोनचार जंतू सहज आलेले असतात तेही डबीत वाढत बसतात आणि रिपोर्टवर येतं "मिक्स्ड ग्रोथ", म्हणजे परत फेरी.
अजून एक, लघवीत पट्टी बुडवून करतात त्या टेस्टमध्ये नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणजे इन्फेक्शन नाही असं नसतं. जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्याला लघवी चारेक तास मूत्राशयात थांबावी लागते. तू दर पंधरा मिनिटांनी जातेयस, तिथे कसलं नायट्राइट जमणार. शिवाय काही जंतू ते करतच नाहीत.

गोळीवाले काका
फॅमिली डॉक्टर आहे, तपासल्याशिवाय औषध लिहून देणार नाही, पण चार गोष्टी सांगतो. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काहीही सुरू झालं तर लगेच दवाखाना गाठ, मग रात्र असो की रविवार, कारण तेव्हा इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं असू शकतं. प्रेग्नन्सीची शंका असेल तर तेही आधीच सांग.
साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला हल्ली सहसा पहिल्यांदा नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचा एकच डोस असं बघतात. सिप्रो त्या मानाने मोठी तोफ आहे, तिच्याने स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, म्हणजे टेंडन, दुखावू शकतात, म्हणून साध्या केसमध्ये आम्ही ती मागे ठेवतो. निदान ठेवायला तरी हवी.
नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं पण किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही, म्हणून ताप आणि पाठदुखी असेल तर ते कामाचं नाही. आणि ते मिळालं तर जळजळीसाठी लघवी अल्कलाइन करणारं गोड सिरप सोबत ढोसू नकोस, नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लधर्मी लघवी लागते. हे दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहिलेलं मी पाहिलंय, असो.

तिरकस
एवढा गाजावाजा कशाला, मला पाणी पिऊनच बरं झालं होतं दोनदा.

गोळीवाले काका
होतं ना, तरुण तब्येतीच्या बायकांमध्ये काही साधी इन्फेक्शन्स आपली आपण जातात. पण हिची सात महिन्यांतली तिसरी आहे. वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन झाली की आम्ही त्याला वारंवार होणारं म्हणतो आणि तिथे कल्चर न करता नुसत्या अंदाजाने औषध देणं बंद.

अर्धवट
झोपमोड, माझी दोन वर्षं यात गेलीत म्हणून लिहिते. आधी तो वॉश फेकून दे. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते तिथलं वातावरण आम्लधर्मी ठेवून बाहेरच्यांना पाय रोवू देत नाहीत, आणि आपण साबणाने धुऊन त्यांनाच हाकलतो. बाहेरून साधं पाणी पुरे. त्या नर्सबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची २० च्या आसपास, आणि आपल्या नलिकेचं तोंड गुदद्वाराच्या शेजारी, त्यात बहुतेक वेळा दोषी असतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा. त्याला बारीक केसांसारखे आकडे असतात, ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला धरून बसतात, मग लघवीची धार आली तरी तो सुटत नाही. यात घाणेरडेपणाचा काय संबंध? पुसण्याची दिशा, घट्ट कपडे यांचा संबंधही अभ्यासांत फारसा सापडलेला नाही. पुढून मागे पुसायला हरकत नाही, पण त्यावरून कोणाला दोष देऊ नये.
ज्याचा संबंध खरंच आहे ते कोणी मोठ्याने बोलत नाही, शरीरसंबंध ठेवणं. नंतर लघवीला जाऊन यावं असं सांगतात, पक्का पुरावा नाही पण तोटाही नाही. शुक्राणू मारणारी जेली किंवा ती लावलेले काँडम वापरत असाल तर मात्र बदला, त्याने धोका वाढतो हे नक्की.
आणि पाणी. सासूबाई बरोबर आहेत, कारण वेगळं आहे एवढंच :) २०१८ साली एक अभ्यास आला होता, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायका, त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त प्यायला सांगितलं, वर्षात त्यांना सरासरी १.७ वेळा झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. मी आधी दिवसभरात दोन ग्लास पिणारी बाई, ऑफिसात बाथरूमला जायला लागू नये म्हणून. तूही तशीच असशील तर इथूनच सुरू कर.
क्रॅनबेरीचं म्हणशील तर वारंवार होणाऱ्यांना ते थोडं टाळायला मदत करतं, झालेलं बरं करत नाही. आत्ता जळजळतंय म्हणून ज्यूस पिऊन काही होणार नाही.

बबडीची_आई
मध्येच घुसते. माझ्या आईचं वय ६८, तिलाही सारखं व्हायचं, शेवटी एका बाईंनी योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली आणि खूप फरक पडला. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते आणि ते चांगले जंतू कमी होतात म्हणे. पण आता रुटीन चेकअपला लघवीत जंतू आलेत, तिला काहीच त्रास नाही, तरी अँटिबायोटिक लिहून दिलंय. द्यायचं का?

गोळीवाले काका
त्रास काहीच नसेल तर सहसा नाही. म्हातारपणी लघवीत जंतू नुसते मुक्कामाला असतात, औषधाने ते जातात, परत येतात, आणि येताना औषधाला दाद न देणारे होऊन येतात. प्रेग्नन्सी आणि मूत्रमार्गातली काही ऑपरेशन्स, या दोन ठिकाणी मात्र लक्षणं नसतानाही उपचार करतात. ज्यांनी लिहून दिलं त्यांना विचारा, "हिला त्रास नाही, तरी गरज आहे का?" चांगला डॉक्टर चिडत नाही.

सडाफटिंग_४१
पुरुषांनी पण वाचा रे. मला झालं तेव्हा मी बायकांचा आजार म्हणून आठ दिवस काढले, निघालं प्रोस्टेटमध्ये. पुरुषांना झालं तर लघवीचं कल्चर करतातच आणि औषधही जास्त दिवस चालतं. लिंगातून स्राव येत असेल तर संबंधातून होणाऱ्या आजारांची टेस्ट वेगळी असते, ते न लाजता सांगायचं.

झोपमोड
चार दिवसांनी येतेय. त्याच दुपारी सॅम्पल दिलं, नायट्रोफ्युरँटॉइन सुरू केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माणसात आले. रिपोर्ट आला, ई. कोलाय, आणि सिप्रोसमोर चक्क आर लिहिलंय, म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा. त्या डब्यातल्या चार घेऊन बसले असते तर काय झालं असतं कोण जाणे. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस आहे, म्हणजे ते लागू पडतं. डॉक्टरांनी लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते बघायला सोनोग्राफी पण सांगितलीये. वॉश फेकला. एक शेवटचं, कोर्स संपल्यावर परत कल्चर करायचं का?

लॅबवाली
त्रास पूर्ण गेला असेल आणि प्रेग्नंट नसशील तर नको. उगाच काहीतरी उगवेल आणि तू परत घाबरशील. पुढच्या वेळी लक्षणं आली तर मात्र पहिली गोळी घ्यायच्या आधी डबी भर, आणि हा रिपोर्ट जपून ठेव, तुझ्या डॉक्टरांना तो लागणार आहे.