मदत हवी आहे - सोसायटीच्या ग्रुपवर मुलाबद्दल कसं लिहू?

नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो, मुलगा ९ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. गणपतीची मीटिंग रविवारी आहे आणि मला त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकायचाय. गेल्या वर्षी आरतीला झांजा सुरू झाल्या तसा तो कान दाबून जिन्यातच बसला, तर तळमजल्यावरच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जरा वेडसर आहे ना गं?" बोलायचा हेतू वाईट नव्हता त्यांचा, पण तो ऐकत होता हो! त्याला सगळं कळतं, फक्त उत्तर द्यायला वेळ लागतो.

आता शब्दावर अडलेय. ऑटिस्टिकसाठी मराठीत 'स्वमग्न' शब्द आहे, पण तो लिहिला तर लोकांना वाटतं हा आपल्याच तंद्रीत, याला माणसं नकोत, आणि तसं अजिबात नाहीये, मोदक वाटायला सगळ्यात पुढे हाच असतो. नवरा म्हणतो 'ऑटिझम असलेला' लिही, पण बरेच मोठे ऑटिस्टिक लोक स्वतःला सरळ ऑटिस्टिकच म्हणवतात. तुम्ही काय लिहिता?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर शिक्षाही आहे, पण शेजाऱ्यांना कलमं काय दाखवायची?

मागायचंय एवढंच की एक आरती बिनमाइकची, फक्त टाळ्यांवर करा. कुणी असं करून घेतलंय का? मेसेज तयार असेल तर प्लीज इथे टाका.