गालापागोस: सप्टेंबरमधली 8 दिवसांची यॉट, पश्चिमेचा फेरा की पूर्वेचा?

खारावारा

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर 16 प्रवाशांच्या यॉटवर सप्टेंबरमध्ये 8 दिवस जायचं ठरतंय. दोन फेरे समोर आहेत.

पश्चिम: हेनोवेसा, मग इसाबेलाला वळसा घालून फर्नांदिना, शेवटी सांतियागो आणि सांताक्रूझ.
पूर्व: सान क्रिस्तोबाल, एस्पान्योला, फ्लोरिआना, सांता फे, सांताक्रूझ.

पेंग्विन, उडता न येणारा पाणकावळा आणि अल्बाट्रॉस (मोठा समुद्रपक्षी) हे तिन्ही बघायचे आहेत. बरोबर 68 वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात. मला बोट लागते. खालच्या डेकवरची केबिन बरीच स्वस्त मिळतेय, ती घ्यावी का? आणि थंड पाण्यात घालायचा वेटसूट किती जाडीचा लागेल?

पाणकावळा

तिन्ही एकाच 8 दिवसांत बसवणं अवघड आहे. गालापागोस राष्ट्रीय उद्यानाच्या नियमानुसार एका बोटीला त्याच जागी 14 दिवसांच्या आत पुन्हा उतरता येत नाही. म्हणून प्रत्येक यॉट 15 दिवसांचा मोठा फेरा आखते आणि त्याचे तुकडे करून विकते. पश्चिम आणि पूर्व हे बहुधा त्या एकाच फेऱ्याचे दोन अर्धे असतात.

उडता न येणारा पाणकावळा फक्त फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. पेंग्विनही मुख्यतः तिथेच, कारण खोलातला क्रॉमवेल प्रवाह पश्चिमेकडून येऊन या बेटांना धडकतो आणि थंड, अन्नाने भरलेलं पाणी वर येतं. बार्तोलोमेजवळही थोडे पेंग्विन असतात, त्यामुळे ते बेट फेऱ्यात असेल तर तिथेही संधी आहे. अल्बाट्रॉसची मात्र एकच खरी जागा, एस्पान्योला. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत ते तिथे असतात. सप्टेंबरमध्ये तिथल्या पुंता सुआरेस या टोकावर वाढलेली पिल्लं आणि त्यांना भरवायला समुद्रावरून परतणारे आईबाप दिसतात. कड्याच्या टोकाशी चालत येऊन वाऱ्यावर झेप घेणारा अल्बाट्रॉस बघण्यासाठी तेवढा एक दिवस काढायला हरकत नाही.

एकच फेरा निवडायचा तर मी पश्चिम म्हणेन. फर्नांदिनाच्या पुंता एस्पिनोसावर सागरी इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे) एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले असतात, शेजारी पाणकावळा आपले खुरटे पंख वाळवत उभा असतो आणि मागे ज्वालामुखी. तो 2024 च्या मार्चमध्ये फुटला होता. ही बेटं पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावर तयार होतात आणि नाझ्का भूपट्ट त्यांना पूर्वेकडे नेत राहतो. म्हणून पश्चिमेची बेटं तरुण आणि उघडी, तर एस्पान्योला जुनं, झिजलेलं आणि सपाट. इसाबेलावरच्या उर्बिना बे येथे 1954 मध्ये समुद्रतळ जवळजवळ 5 मीटर वर उचलला गेला. तिथे आज कोरड्या जमिनीवर प्रवाळ बघत चालता येतं.

हेनोवेसाला लाल पायांचे बूबी हे समुद्रपक्षी झुडपांवर बसलेले दिसतात आणि आखूड कानांचं घुबड भर दिवसा लाव्हाच्या भेगांत स्टॉर्म पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्याची शिकार करतं. घुबड लाव्हाच्याच रंगाचं असतं, त्यामुळे गाइडने बोट दाखवूनही ते पटकन दिसत नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘8 दिवस’ यात येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरलेला असतो, पूर्ण दिवस 6 च मिळतात. काही यॉट 8 दिवसांचा फेराही 4 आणि 5 दिवसांच्या तुकड्यांत विकतात (मधला दिवस दोन्हींत धरून). मग मधला अर्धा दिवस प्रवासी बदलण्यात बाल्त्राला, म्हणजे विमानतळाच्या बेटावर, जातो. कार्यक्रमपत्रिकेत मध्येच बाल्त्रा दिसलं तर आधी विचारून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बऱ्याच बोटी दुरुस्तीसाठी गोदीत जातात, तेव्हा नेमकी हीच बोट जाणार की बदली बोट, हेही लेखी घ्या.

नांगर

केबिनबद्दल. खालच्या डेकवर बोटीच्या मध्याजवळची केबिन सगळ्यात कमी डोलते. वरच्या डेकवर देखावा आहे, पण हेलकावा तिथेच जास्त. बोट लागणाऱ्याने खालची मधली केबिन घ्यावी, फक्त डेकचा नकाशा मागवून दोन गोष्टी तपासाव्यात. इंजिनघराला लागून असेल तर रात्रभर घरघर आणि डिझेलचा वास, आणि वासाने मळमळ वाढते. अगदी पुढच्या टोकाला असेल तर पहाटे नांगराची साखळी खडखडत सुटते आणि झोप तिथेच संपते.

कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, कमी कलंडते, पण समोरून लाट आली की दोन सांगाड्यांच्या मधल्या तळावर पाणी आपटतं आणि छोटे झटके बसतात. एका सांगाड्याची यॉट सावकाश, लांब डोलते. कोणाला काय सोसतं हे वेगवेगळं असतं, तरी साधारणपणे कॅटामरान बरी. ‘स्टॅबिलायझर (डोलणं कमी करणारी यंत्रणा) आहेत’ असं सांगितलं तर कोणते ते विचारा. माशाच्या परांसारखे साधे स्टॅबिलायझर बोट चालू असतानाच काम करतात, नांगरावर त्यांचा उपयोग नसतो.

सप्टेंबरमध्ये आग्नेयेचे वारे जोरात असतात. हेनोवेसाचा रात्रीचा प्रवास उघड्या समुद्रातून आहे आणि इसाबेलाचं उत्तर टोक ओलांडतानाही बोट हलते. फर्नांदिना आणि इसाबेलामधली बोलिव्हार खाडी मात्र शांत. पूर्वेच्या फेऱ्यात एस्पान्योलाकडे जाताना तसाच त्रास होतो, त्यामुळे या कारणासाठी पश्चिम टाळू नका.

गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकतच नाही. मेक्लिझिन 25 मिलिग्रॅम साधारण तासभर आधी, झोप येते हे धरून. स्कोपोलामिनचा पॅच कानामागे किमान 4 तास आधी लावतात, तो 72 तास चालतो. लावल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर डोळ्याला लागून बाहुली मोठी होते आणि जवळचं धूसर दिसतं. काचबिंदू असेल तर पॅच नको. आईला यातलं काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन बघा.

वेटसूट पश्चिमेला 5 मिमीचा. त्या महिन्यात फर्नांदिनाकडचं पाणी 18 अंशांच्याही खाली जातं आणि 3 मिमीमध्ये वीस मिनिटांत दात वाजू लागतात. पूर्वेला 3 मिमी बहुतेकांना पुरतो. बोटीवर भाड्याने मिळतो, पण तुमच्या मापाचा आहे का ते आधी कळवून ठेवा. मास्क स्वतःचा न्या, चेहऱ्याला न बसणारा मास्क सतत गळतो.

खारावारा

पश्चिम नक्की करतोय. आईचं कसं जमेल? पांगातून उतरणं तिला झेपेल का?

भरतीओहोटी

पांगा म्हणजे रबरी होडी, यॉटवरून बेटावर सगळी ने-आण तिनेच. उतरणं दोन प्रकारचं असतं. ओल्या लँडिंगला होडीच्या काठावर बसायचं, दोन्ही पाय बाहेर वळवायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हेच सोपं, वाळू मऊ असते. कोरड्या लँडिंगला हलत्या होडीतून खडकावर किंवा पायरीवर पाऊल टाकावं लागतं, अडचण तिथे येते. पुंता एस्पिनोसाला ओहोटीत खडकावर शेवाळ उघडं पडतं आणि तिथेच लोक घसरतात.

पद्धत ठरलेली आहे. खलाशाचा हात पंजाने धरायचा नाही, एकमेकांचा मनगट आणि कोपर यांच्यामधला हात पकडायचा. ओला पंजा सुटतो, ही पकड सुटत नाही. कॅमेरा, काठी, पाण्याची बाटली हे सगळं आधी पिशवीत, दोन्ही हात मोकळे. एका वेळी एकच माणूस उभा राहतो आणि ‘आता’ म्हटल्यावरच पाऊल टाकतो. होडी लाटेबरोबर वर आली की तो क्षण असतो. बहुतेक पडापडी घाईने आधीच उभं राहिल्यामुळे होते.

आता महत्त्वाचं. नियमाने एका गाइडमागे जास्तीत जास्त 16 पाहुणे, म्हणजे तुमच्या यॉटवर एकच गाइड असण्याची शक्यता आहे. बेटावर गाइडशिवाय फिरता येत नाही, मागे एकटं बसून राहताही येत नाही. सगळा गट एकाच वेगाने चालतो. आईंना अर्ध्यातून परतायचं असेल तर सोय नसते. म्हणून बुकिंगआधी विचारा की दुसरा गाइड आहे का, आणि चालण्याऐवजी त्याच वेळी पांगातून किनाऱ्याची फेरी मिळेल का. 16 पेक्षा थोडी मोठी, दोन गाइड असलेली बोट तुम्हाला जास्त सोयीची पडेल असं मला वाटतं.

पश्चिमेच्या फेऱ्यात आईंनी निर्धास्त करावं असं पुष्कळ आहे: एलिझाबेथ बेमध्ये खारफुटीतून पांगाने फिरणं (कासवं आणि बरेचदा पेंग्विन), पुंता व्हिसेंते रोकाच्या कड्याखालची फेरी, सांताक्रूझच्या डोंगराळ भागातली मोठी कासवं. हेनोवेसाचा डार्विन बे सपाट आहे. तिथल्याच प्रिन्स फिलिप स्टेप्स मात्र सुमारे 25 मीटरची खडी चढण, आणि बार्तोलोमेच्या माथ्यावर साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या. या दोन्ही त्यांनी सोडाव्यात. सांतियागोच्या सलिव्हन बेमध्ये दोरखंडासारखा वळलेला लाव्हा सुरेख आहे, पण सगळा ओबडधोबड. तिथे मऊ तळाचे बूट चालत नाहीत. चालण्याची काठी रबरी टोपण असलेलीच हवी.

पाणकावळा

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यानाचं प्रवेशशुल्क 1 ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रौढांना 200 डॉलर, ते रोख जवळ ठेवा. त्याशिवाय 20 डॉलरचं टीसीटी कार्ड (बेटांवर येण्याजाण्याची नोंद ठेवणारं कार्ड), ते किटो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर चेक-इनपूर्वीच घ्यायचं. परतताना तेच पुन्हा मागतात, पासपोर्टमध्येच राहू द्या. किटो किंवा ग्वायाकिलच्या त्याच विमानतळावर सामान तपासून सील लावतात. फळं, बिया, मातीचे बूट चालत नाहीत. बुटांच्या तळातलं गवताचं बी घरीच टोकदार काडीने काढून घ्या, कारण एका परक्या बीने इथल्या झाडांचं होणारं नुकसान भरून येत नाही.

आदल्या रात्रीच मुख्य भूमीवर मुक्कामी पोहोचा. विमान उशिरा आलं तर यॉट पुढे निघून जाते आणि तिला गाठणं महागात पडतं. बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे आहे, तेव्हा विमानतळावर कोण कधी घ्यायला येणार ही वेळ कोणत्या घड्याळाची, तेही विचारून ठेवा.