दोन रात्रींची क्रूझ: साउथहॅम्प्टन ते हॅम्बर्ग

लंडनहून विमानाने दीड तासात हॅम्बर्ग येतं, मग बोटीवर दोन रात्री कशाला, हा मुद्दा पटतो, पण अर्धाच. आम्ही क्वीन मेरी २ ने गेलो होतो. ही २००४ पासून धावणारी, ३४५ मीटर लांबीची बोट मुळात अटलांटिक ओलांडायला बांधलेली. त्यामुळे उत्तर समुद्रात ती फारशी हलली नाही. मळमळीच्या गोळ्या तशाच परत आल्या.

थाट जुन्या पद्धतीचा. संध्याकाळी सहानंतर नीट कपडे हवेतच. गाला नाइटला मी पैठणी नेसले, नवऱ्याने लग्नातला बंदगळा घातला, तो पोटावर जेमतेम बसला. दुपारच्या चहाला पांढरे हातमोजे घातलेले वेटर आणि गरम स्कोन्स. चहा मात्र आपल्या हिशेबाने अगदीच फिका!

खरी मजा शेवटच्या पहाटे. हॅम्बर्ग समुद्रावर नाहीच, एल्बे नदीतून सुमारे शंभर किलोमीटर आत जावं लागतं. गजर लावून डेकवर जा. दोन्ही काठांवर झाडी, टेकडीवरची घरं, मग एकदम कंटेनरच्या क्रेन आणि एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहाचं लाटांसारखं छप्पर. वाटेत वेडेल या गावात येणाऱ्या जहाजाचं राष्ट्रगीत वाजवून स्वागत करतात, पण फक्त दिवसा. आमचं हुकलं.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा आणि जर्मनीसाठी शेंगेन असे दोन्ही व्हिसा लागतील. आणि परत येताना सरळ विमान घ्या.