मदत हवी आहे: कायरोप्रॅक्टिकच्या टेक्निक्सबद्दल भरवशाचं वाचायला कुठे मिळेल?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, खरंच अडलेय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटं क्लिनिक आहे, नऊ वर्षं झाली. गेल्या दोनेक वर्षांत असं झालंय की दिवसाआड कुणीतरी मोबाईल पुढे करतं आणि विचारतं, मॅडम हे असं तुम्ही करता का? रीलमध्ये कुणाची तरी मान धरून कटकन फिरवलेली असते, नाहीतर हनुवटीखाली पट्टा अडकवून डोकं मागे खेचलेलं असतं आणि माणूस डोळे पुसत उठतो. मागच्या आठवड्यात उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक ड्रायव्हर आला, वय असेल चाळीसच्या आसपास, कंबर इतकी धरलेली की दोन्ही हात मांड्यांवर रोवून हळूहळू खुर्चीत टेकला, आणि तशातही आधी फोन काढला, काचेला तडे गेलेला, आणि म्हणाला, "एकदाच तेवढा आवाज काढून टाका, मोकळा होतो." त्याला वाटत होतं की आवाज आत अडकून बसलाय आणि तो बाहेर काढायचा असतो.

त्याला तपासलं, व्यायाम दिले, चालत राहायला सांगितलं. पण घरी आल्यावर मनात आलं की मला तरी या विषयाचं नीट कुठे माहितीये? आम्हाला कॉलेजात मेटलंड, मुलिगन, मॅकेन्झी या फिजिओच्या पद्धती व्यवस्थित शिकवल्या, कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मुख्यतः हातानं मणके आणि सांधे दाबून-हलवून करायचे उपचार, मात्र उरकलं एका तासात. म्हणून ठरवलंय की पेशंटसाठी मराठीत चार पानांची पुस्तिका काढायची, कुणाची निंदा नाही की जाहिरात नाही, फक्त हे काय असतं, कुठल्या दुखण्यात उपयोगाचं आहे आणि कुठे हात लावू द्यायचा नाही.

आता अडचण सांगते. इतिहास सहज मिळाला. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये हे सुरू केलं, १८९७ मध्ये शाळा काढली, पुढे मुलगा बी. जे. पामर यांनी वाढवलं. पण टेक्निक्सकडे वळले आणि गोंधळले. डायव्हर्सिफाइड, गॉनस्टेड, थॉम्पसन ड्रॉप, अ‍ॅक्टिव्हेटर, कॉक्स फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन, सॅक्रो-ऑक्सिपिटल, नावंच संपत नाहीत. प्रत्येकाची माहिती शोधली की पहिल्या पाच-सहा साइट्स त्याच टेक्निकचे कोर्स, टेबल किंवा यंत्र विकणाऱ्यांच्या निघतात. आणि मी एकदा तोंडघशी पडलेय, मागे आवाजाबद्दल अर्धं पान लिहून वेटिंगमध्ये लावलं होतं, त्यात "हाड जागेवर बसतं तेव्हा आवाज येतो" असं होतं, मी ते एका सेमिनारच्या पानावरून घेतलेलं. एका सीनियर मॅडमनी वाचून विचारलं, हे कुठून आणलंस? उत्तर नव्हतं माझ्याकडे. कागद काढून टाकला, पण तोपर्यंत किती जणांनी वाचून खरं मानलं असेल या विचारानं अजून वाईट वाटतं.

तर प्रश्न असा आहे की या टेक्निक्सचं वर्णन तिऱ्हाईत माणसानं केलेलं कुठे मिळेल, रिसर्च फुकट कुठे वाचता येईल (पुस्तकांच्या किमती बघूनच टॅब बंद केला), आणि मानेबद्दल काय लिहू? पॅरालिसिसची भीती खरी की उगाच?

जुनी_पोथी

ताई, मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत तेवीस वर्षं काम करतोय, असे प्रश्न घेऊन पीजीची मुलं रोज येतात म्हणून सांगतो. तुम्ही तीन वेगळे प्रश्न एका पोत्यात भरलेत. टेक्निक कसं करतात, त्याचा गुण येतो का, आणि धोका किती, या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या जागी असतात. टेक्निक कसं करतात हे ते करणाऱ्याकडूनच कळणार, तिथे कायरोप्रॅक्टरचं पुस्तक चालेल, चालेल कशाला, तेच पाहिजे. पण गुण येतो का हे त्याच पुस्तकावरून ठरवायचं नाही. एवढं वेगळं केलंत की निम्मा गोंधळ जाईल.

वर्णनासाठी बर्गमन आणि पीटरसन यांचं टेक्निकचं पाठ्यपुस्तक बघा, हात कुठे ठेवायचा, दाब कुठल्या दिशेनं, सगळं फोटोसकट आहे. पण तुम्हाला जे हवंय ते कूपरस्टीन आणि ग्लेबर्झन यांच्या २००४ च्या पुस्तकात जास्त सापडेल, त्यात एकेका पद्धतीचा इतिहास, दावे आणि पुरावे शेजारी शेजारी मांडलेत. दोघे स्वतः कायरोप्रॅक्टरच, पण एकाच पद्धतीचं दुकान मांडून बसलेले नाहीत. विकत घेऊ नका, आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीतून मागवा, तुमच्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीतून अर्ज करता येईल.

रिसर्चसाठी पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या फुकट ऑनलाइन सूचीत, नुसतं कायरोप्रॅक्टिक टाकलं तर ढीग येतो आणि कामाचं निसटतं, कारण हेच उपचार फिजिओ आणि ऑस्टिओपॅथही करतात आणि तिथे शब्द असतो स्पायनल मॅनिप्युलेशन, म्हणजे हातानं मणक्याच्या सांध्याला झटका देणं. तो विषय-शब्द म्हणून टाका, मग टेक्निकचं नाव जोडा. शिवाय इंडेक्स टू कायरोप्रॅक्टिक लिटरेचर नावाची फुकट सूची आहे, कायरोप्रॅक्टिक कॉलेजांच्या लायब्रऱ्या मिळून चालवतात, पबमेडमध्ये न येणारी छोटी जर्नल्स तिथे सापडतात. सापडलं म्हणजे भरवशाचं असं मात्र नाही हां, ती फक्त सूची आहे. पेड्रो ही फिजिओच्या रिसर्चची सूची तुम्हाला माहीत असेलच, त्यात ट्रायल्सना दहापैकी मार्क दिलेले असतात. पूर्ण लेख फुकट हवेत तर 'कायरोप्रॅक्टिक अँड मॅन्युअल थेरपीज' हे जर्नल सगळ्यांना खुलं आहे, कॅनडाच्या कायरोप्रॅक्टिक असोसिएशनचं जर्नलही पबमेड सेंट्रलवर पूर्ण वाचता येतं. आणि जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सरकारी संस्थांत मोठ्या प्रकाशकांची हजारो जर्नल्स उघडतात, तेव्हा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसायची परवानगी मागा. नम्रपणे मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

अबोली_टोरांटो

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, इथे फिजिओ क्लिनिकमध्ये आहे आणि शेजारच्याच खोलीत कायरोप्रॅक्टर बसतात. इथे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात त्यांचा १९९१ चा कायदा आहे, नोंदणी आहे, तक्रार करायला जागा आहे. भारतात त्यांची वेगळी सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळे बोर्डवर कोणीही कायरोप्रॅक्टर लिहू शकतो, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये शिक्षण आणि सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शिका काढलीय, फुकट डाउनलोड होते, त्यात पूर्ण शिक्षणाला किमान ४२०० तास म्हटलंय आणि त्यातले १००० देखरेखीखाली पेशंट बघायचे. दोन शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर त्याशेजारी हे आकडे ठेवून बघायचे. कुठल्या पेशंटला झटका द्यायचा नाही त्याचीही यादी आहे त्यात, ती तर भाषांतर करून लावण्यासारखी आहे.

टेक्निक्स मी रोज बघते म्हणून थोडं सांगते. डायव्हर्सिफाइड म्हणजे रीलमध्ये दिसतं ते, पेशंटला कुशीवर घेऊन सांधा त्याच्या हद्दीपर्यंत न्यायचा आणि तिथून छोटा पण झटकन धक्का. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड असतं ना, ते बऱ्याचदा पेशंटच्या मणक्याजवळ टेकवतात. थॉम्पसनच्या ड्रॉप टेबलमध्ये टेबलाचा एक भाग किंचित वर उचलून ठेवलेला असतो, दाबलं की खाली पडतो, धाडकन आवाज येतो तो टेबलाचा, पेशंटचा नाही! अ‍ॅक्टिव्हेटर हे स्प्रिंगचं हातात मावणारं यंत्र, टकटक करतं, यात सांध्याचा आवाज बहुतेक येतच नाही. कॉक्समध्ये टेबल कमरेच्या खालून हळूहळू वाकतं, झटका नाही, म्हाताऱ्या माणसांना हेच बरं वाटतं. गॉनस्टेडवाले पाठीवरून तापमान मोजायचं यंत्र फिरवतात आणि अख्ख्या मणक्याचा एक्स-रे मागतात.

एक शब्द मात्र लक्षात ठेवा, सबलक्सेशन. आपल्या पुस्तकात त्याचा अर्थ सांधा अर्धवट निखळणं, एक्स-रेत दिसतो. त्यांच्या जुन्या पुस्तकांत अर्थ वेगळा, मणका किंचित हलल्यानं नस दबून शरीरभर आजार होतात असा. ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनं, म्हणजे त्यांच्याच नियामक संस्थेनं, २०१० मध्ये सांगितलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि तिच्यामुळे आजार होतात याला क्लिनिकल रिसर्चचा आधार नाही. त्यामुळे दमा, डायबेटिस, लहान मुलांचं रडणं हे सगळं मणक्यावर ढकलणारा मजकूर दिसला की मी पुढे वाचत नाही.

शिरीष७१

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. कमरेच्या एमआरआयमध्ये गादी सरकलीय म्हणून रिपोर्ट आहे. शहरातल्या एका ठिकाणी २४ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी भरायचे. ताई, घेऊ का? मुलगा म्हणतो घ्या, बायको म्हणते नको.

कृष्णाकाठची

शिरीषदादा, तपासल्याशिवाय मी हो-नाही सांगणार नाही, पण २४ वेळा यावं लागेल हे पहिल्याच दिवशी कुणालाच कळत नसतं, तेव्हा आगाऊ पैसे भरू नका. आणि एक आधी सांगा, मांड्यांच्या मध्ये, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा कळत नसणं, पायातला जोर कमी होणं, यातलं काही आहे का? असेल तर हा धागा सोडा आणि आजच्या आज हॉस्पिटल गाठा, मॅनिप्युलेशन तर अजिबात नको. नसेल तर निवांत बोलू, गादी सरकली हा शब्द ऐकायला जितका भयंकर आहे तितकी परिस्थिती बहुतेक वेळा नसते.

जुनी पोथी काका आणि अबोली, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री दोनपर्यंत वाचत बसले. कमरेबद्दल आता चित्र बरंच स्पष्ट झालंय. २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये ४७ ट्रायल्स एकत्र करून बघितलंय, जुनाट कंबरदुखीत मॅनिप्युलेशनचा गुण इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच येतो, म्हणजे व्यायाम वगैरेंच्या बरोबरीचा, त्यापेक्षा खास जास्त नाही. ब्रिटनमधली उपचारांच्या शिफारशी ठरवणारी संस्था नाइस, तिची २०१६ ची गाइडलाइन म्हणते की व्यायामासोबत द्या, नुसतं नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही जुनाट कंबरदुखीसाठी ते पर्यायांमध्ये आहे. म्हणजे थोतांडही नाही आणि जादूही नाही, आणि मला हेच प्रामाणिकपणे लिहायचंय. फक्त मानेचं अजून सुटलेलं नाही.

जुनी_पोथी

शिरीषराव, ताई सांगतायत ते ऐका.

मानेसाठी दोन लेख शेजारी ठेवून वाचा. एक कॅसिडी आणि मंडळींचा २००८ चा, ओंटारियोतल्या ८१८ स्ट्रोक पेशंटवरचा. त्यात कायरोप्रॅक्टरकडे जाणं आणि मानेच्या मागच्या धमनीचा स्ट्रोक यांचा संबंध दिसला, पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाण्याशीही तसाच संबंध दिसला. लेखकांचं म्हणणं असं की धमनीच्या आतल्या थराला आधीच चीर पडायला लागलेली असते, त्यानं मान आणि डोकं दुखतं, म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. दुसरं म्हणजे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०१४ चं निवेदन. ते म्हणतं, असं घडणं दुर्मिळ आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, पण संबंध दिसतो, तेव्हा मानेला झटका देण्याआधी पेशंटला हे सांगितलं पाहिजे. हे दोन्ही सांगा, एकच निवडू नका. आणि आधीच चीर पडलेल्या मानेला झटका दिला तर काय, हा विचार तुम्ही फिजिओ आहात, माझ्यापेक्षा चांगला कराल.

अबोली_टोरांटो

काकांशी सहमत. यात सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून घेतात तेही घाला ना ताई. गावाकडे कायरोप्रॅक्टर क्वचित, पण ते प्रत्येक चौकात चालतं आणि तिथे कोण विचारतो बीपी आहे का, चक्कर येते का, हाडं ठिसूळ आहेत का. माझे बाबा अजून करून घेतात, फोनवर दरवेळी ओरडते मी.

कृष्णाकाठची

घातलं, सलूनचा स्वतंत्र परिच्छेद केलाय.

आणि आवाजाचं पान नव्यानं लिहिलं. २०१५ चा अल्बर्टा विद्यापीठाचा प्रयोग सापडला, फुकट आहे, बोट ओढून कटकन वाजवताना एमआरआयमध्ये पाहिलंय. सांध्याच्या दोन बाजू झटकन लांब होतात त्याच क्षणी आतल्या वंगणासारख्या द्रवात पोकळी तयार होताना दिसते. हाड जागेवर बसायचा काही संबंधच नाही, बोटाचं हाड मुळात जागेवरच होतं की. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं लागतात, हे आपण बोटं मोडताना सगळ्यांनीच अनुभवलंय, म्हणून पुस्तिकेत बोटापासूनच सुरुवात केली.

आज तो ट्रॅक्टरवाला दुसऱ्यांदा आला, चाल बरीच सुधारलीय. त्याला ते पान वाचून दाखवलं. त्यानं स्वतःचं बोट मोडून बघितलं, थोडा वेळ थांबून पुन्हा मोडायला गेला, नाही वाजलं. मग म्हणाला, "म्हणजे आवाज नाही आला तरी कंबर बरी होती?" मी म्हटलं, तुमची झालीच की. त्याचा प्रश्न जसाच्या तसा पानाचं शीर्षक म्हणून टाकलाय.

आता फक्त गॉनस्टेडचा भाग राहिलाय. कूपरस्टीन-ग्लेबर्झन कुणाच्या लायब्ररीत असेल तर तेवढं प्रकरण वाचून मला समजावून सांगाल का? पुण्या-मुंबईत असेल तर मी स्वतः येऊन वाचेन, रविवार सोडून कधीही.